मिनिटकाकांचं मिनिट

वर्षातून एकदा, आणि तेही जेमतेम एक मिनिट, सगळी बाजारपेठ त्यांच्या हातात असायची, म्हणून त्यांचं नाव मिनिटकाका पडलं. उरलेलं वर्षभर ते मागच्या गल्लीतल्या खोलीत मिक्सर, इस्त्र्या आणि टेबलफॅन दुरुस्त करत बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाशी तुसडेपणाने वागायचे. "काका, गॅरंटी आहे ना?" असं गिऱ्हाईकाने विचारलं, की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "तुमची आहे का?" तरीही लोक त्यांच्याकडेच जात, कारण त्यांच्या हातून गेलेला पंखा पुन्हा कुरकुर करत नसे.

त्या मिनिटाची हकिगत अशी. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की बाजारपेठेत रोषणाई व्हायची. तशी ती सगळीकडेच होते. पण दुसरीकडे काय करतात, कोणीतरी बडं माणूस येतं, बटण दाबतं, भक्कन दिवे लागतात, टाळ्या पडतात आणि लोक खरेदीला पळतात. इथे तसं नव्हतं. इथे संध्याकाळी सगळ्या दुकानांचे दिवे बंद करायचे, आणि मग काका बेकरीच्या माडीवरच्या खिडकीत बसून एक चाक फिरवायचे. मिट्ट काळोखापासून लख्ख उजेडापर्यंत पूर्ण साठ सेकंद. पहिले दहा सेकंद तर कोणाला पत्ताच लागायचा नाही. मग कोणीतरी हळूच म्हणायचं, "आलं, आलं." आणि जी बाजारपेठ एरवी तोंड मिटायचं नाव घेत नाही, ती आपोआप गप्प व्हायची.

काका पूर्वी रस्त्याच्या टोकाला असलेल्या नाट्यगृहात प्रकाशयोजनेचं काम करत. सव्वीस वर्षं केलं. नाट्यगृह बंद पडून तिथे फर्निचरचं गोदाम झालं, तेव्हा सामान भंगारात निघालं, आणि काकांनी त्यातून एक जुना डिमर उचलून आणला. दिवे कमी-जास्त करायची ती लोखंडी पेटी तेव्हा कोणी फुकटही घेत नव्हतं. त्या पेटीवर त्यांनी एकोणीस वर्षं हे मिनिट चालवलं. त्याबद्दल त्यांना एक नारळ, म्हणजे तसा नारळही नाही, नुसते आभार मिळत. त्यांना त्याचं सुखदुःख नव्हतं. त्यांना ती शांतता हवी असायची, आणि तेवढ्या शिदोरीवर ते वर्ष काढायचे, हे त्यांच्या बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

तर त्या वर्षी व्यापारी मंडळाने एलईडीच्या माळा आणल्या. मंडळाचा सेक्रेटरी म्हणजे चपलांच्या दुकानाचा मालक, माणूस उत्साही, आणि उत्साही माणसांचं असं असतं की ती आधी आणतात आणि मग विचारतात. जुने बल्ब वीज खात, तापत, पावसाचा थेंब पडला की फुटत, हे सगळं खरंच होतं. काकांनीही ते नाकारलं नाही. त्यांनी माळा जोडल्या आणि चाक फिरवून बघितलं.

चाक फिरलं, काही नाही. आणखी फिरलं, तरी काही नाही. आणि मग एकदम कोणी कानाखाली वाजवावी तशा सगळ्या माळा दचकून लागल्या. काकांनी चाक मागे घेतलं तर त्या फडफडायला लागल्या. काही विझल्या, काही लुकलुकत राहिल्या, आणि बेकरीवरची एक माळ तर नुसती थरथरत होती.

सेक्रेटरी खाली उभा होता. तो म्हणाला, "काका, कशाला डोक्याला ताप? बटण लावून टाकू. दाबलं की लागले."

"पाच आठवडे आहेत ना अजून?" काका म्हणाले.

"आहेत."

"मग मधे बोलू नका."

पाच आठवडे त्यांनी खोलीला आतून कडी लावली. मिक्सर-इस्त्र्यांचा ढीग दारापर्यंत आला, लोक शिव्या घालून परत गेले. दुखणं त्यांना लवकरच सापडलं. त्या जुन्या डिमरला भरपूर वीज ओढणाऱ्या बल्बची सवय, आणि या माळा ओढत होत्या चिमूटभर. त्यामुळे डिमरला पकडच मिळत नव्हती. मग त्यांनी एक युक्ती केली. सहा लाइनी होत्या, त्या प्रत्येक लाइनीवर माळांबरोबर एकेक जुना तारेचा बल्बही जोडला आणि तो भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून पाट्यांच्या मागे लपवला. कोणाला दिसायचा नाही, पण तो वीज ओढत राहायचा. डिमर ताळ्यावर आला. डिमरच्या लहानशा चाकावर त्यांनी शिलाई मशीनचं मोठं चाक बसवलं, म्हणजे हात चार बोटं सरकला तरी उजेड केसभरच वाढावा.

राहिल्या माळा. त्या सगळ्या एका कारखान्यातल्या असूनही एका वेळी जाग्या होत नव्हत्या. काही आधी पेटत, काही मागाहून. काकांनी दोनशे माळा एकेक करून टेबलावर पेटवून बघितल्या, आणि कमरेच्या दुखण्याने हैराण झालेली त्यांची बायको शेजारी स्टुलावर बसून चिठ्ठ्या लिहायची. लवकर उठणाऱ्या माळांना तिने नाव दिलं 'शहाण्या' आणि उशिरा उठणाऱ्यांना 'आळशी'.

"ही कुठली?" ती विचारायची.

"आळशी. तुझ्या भावासारखी."

"माझ्या भावाने निदान दुकान तरी काढलं," ती म्हणायची आणि चिठ्ठी डकवायची. त्या पाच आठवड्यांत दोघं जेवढं हसली तेवढं गेल्या पाच वर्षांत हसली नसतील. आळशी माळा एका लाइनीवर, शहाण्या दुसऱ्या लाइनीवर, अशी सगळी विभागणी झाली, आणि आळशींना वीज थोडी आधी मिळेल अशी जोडणी काकांनी केली.

सुट्टीची पहिली संध्याकाळ आली. दुकानांचे दिवे गेले. काकांनी माडीवरच्या खिडकीतून खाली बघितलं. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. त्यांनी घड्याळ समोर ठेवलं आणि चाकाला हात लावला.

एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. तारेचा बल्ब कितीही सांभाळून चढवला तरी आधी तांबडी तार दिसायची आणि चोरी पकडली जायची. इथे तारच नव्हती. उजेड आला कुठून ते काकांनाच कळेना. आधी काळोख नुसता पातळ झाला. मग छपरांच्या कडा उमटल्या, पाट्यांवरची अक्षरं उमटली, मग माणसांची डोकी. कुठे धक्का नाही, फडफड नाही, एकही माळ मागे राहिली नाही. काकांचा हात स्थिर होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

खाली गर्दीतून कुजबुज ऐकू आली. दर वर्षी शांतता असायची, या वर्षी कुजबुज होती. काकांना वाटलं, लोकांना बोलल्यावाचून राहवत नाहीये. माणूस खुश असला की त्याच्या मनाला येतं तसं त्याला ऐकू येतं. सगळीकडे हात वर झालेले होते आणि प्रत्येक हातात एक उजळलेला फोन होता, हेही त्यांनी बघितलं. त्याचाही त्यांना अभिमानच वाटला.

ते जिना उतरून खाली आले ते हसत. आणि काका हसतायत हे बघूनच सेक्रेटरी आणखी चिडला असावा.

"काका, काय घोळ करून ठेवलात हा?"

"कसला घोळ?"

सेक्रेटरीने फोन त्यांच्या नाकासमोर धरला. फोनमध्ये तीच बाजारपेठ होती, तेच दिवे होते, पण त्या दिव्यांवरून काळे आडवे पट्टे वरून खाली सरकत होते. एक गेला की दुसरा. उजेड जितका मंद, तितका पट्टा जाड. साठ सेकंद बाजारपेठ मिचमिचत होती.

"पूर्ण वेळ फडफडत होते दिवे," सेक्रेटरी म्हणाला.

"फडफडत नव्हते."

"मग हे काय आहे?"

काकांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. ही माळ सेकंदाला शंभर वेळा लागते आणि विझते, माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही, फोनच्या कॅमेऱ्याला दिसतं. तारेचा बल्ब विझायला वेळ घेतो, म्हणून पूर्वी असं कधी दिसलं नाही. फोनमध्ये दिसलं ते रस्त्यावर नव्हतं.

"म्हणजे तुम्हीच म्हणताय ना की लागतात आणि विझतात?" सेक्रेटरी म्हणाला. "तेच तर आम्ही म्हणतोय."

तोवर व्हिडिओ गावभर झाले होते. पलीकडच्या बाजारपेठेतल्या लोकांनी त्याखाली हसण्याच्या चित्रांच्या रांगा लावल्या होत्या. मंडळाची बैठक दोन दिवसांनी संध्याकाळी ठरली. सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. वाईट असता तर काकांना त्याचा राग तरी करता आला असता. तो म्हणाला, "तुमच्यासाठी मी एवढं करतो. एक माणूस आणा. एकच. त्याने बैठकीत येऊन सांगावं, की मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि दिवे नीट होते. मग मी बटणाचा विषय काढणार नाही."

एक माणूस! काकांना हसूच आलं. खाली हजार-दीड हजार माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधी चष्म्यांच्या दुकानात गेले, कारण दुकानदार पुढच्याच रांगेत उभा होता, आणि डोळे हाच त्याचा धंदा.

"होतो की," चष्मेवाला म्हणाला. "अगदी पुढे. व्हिडिओ काढत होतो, दुकानाची जाहिरात करायला."

"पण डोळ्यांनी काय दिसलं?"

"डोळ्यांनीच बघितलं काका. फोनमध्ये."

"फोनच्या बाहेर?"

चष्मेवाला विचारात पडला. फोनच्या बाहेर काही बघायचं असतं हे त्याला त्या मिनिटभरात सुचलंच नव्हतं. मग त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा दोन मिनिटं. तुमचे डोळे तपासून देतो. या वयात होतं असं, लाजायचं काय त्यात?"

काका तिथून निघाले ते तोंडातल्या तोंडात पुटपुटतच. बेकरीवाल्या बाई त्या वेळी भट्टीपाशी होत्या, त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. "पण सगळे म्हणतात फडफडले, म्हणजे फडफडलेच असणार ना भाऊ," त्या म्हणाल्या. पडदेवाला फोनवर बघत होता. औषधांच्या दुकानातला फोनवर बघत होता, वर त्याची बायको वेगळ्या फोनवर बघत होती. दुपारपर्यंत काकांनी तीस-पस्तीस जणांना गाठलं. ज्या माणसाने आयुष्यात कोणाकडे मीठ मागितलं नाही, तो दारोदार फिरून विचारत होता, तुम्ही बघितलंत का हो? लोक त्यांना बघून रस्ता बदलायला लागले.

आणि मग त्यांना मास्तर आठवले. निवृत्त मास्तर, फोन न वापरणारे, फोन म्हटलं की आठ्या घालणारे. दर वर्षी काठी टेकत यायचे आणि मिनिट संपलं की कोणाशी न बोलता घरी जायचे. काका अक्षरशः धावत गेले. मास्तर गॅलरीत पेपर वाचत बसले होते.

"मास्तर, कालचे दिवे बघितलेत?"

"बघितले ना."

"कसे होते?"

"अहो, काय सांगू!" मास्तरांनी पेपर खाली ठेवला. "इतकं सुरेख मी या रस्त्यावर कधी बघितलं नव्हतं. कधी सुरू झालं तेच कळलं नाही."

मिठी मारायचं वय असतं तर काकांनी मारली असती. "मग उद्या संध्याकाळी बैठकीत एवढंच सांगाल? फक्त एवढंच?"

मास्तरांचा चेहरा हळूहळू पडला. "पण नंतर नातीने मला तो व्हिडिओ दाखवला," ते म्हणाले. "त्यात तर फारच फडफडत होतं. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. मलाच नीट दिसलं नसेल."

"मास्तर, तुम्हाला दिसलं तेच खरं आहे."

"सगळ्या गावाने एक बघितलं आणि मी एकट्याने वेगळं बघितलं, असं मी चारचौघांत उभं राहून सांगू? आधीच घरात मला विसराळू म्हणतात. हसतील हो लोक." आणि त्यांनी पेपर पुन्हा उचलला. काकांनी खूप विनवलं. मास्तर पेपराआडून नुसतं "नको, नको" म्हणत राहिले. सुरेख होतं असं तोंडाने म्हणणारा गावातला एकुलता एक माणूस, आणि त्याचाच स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता.

काका घरी आले तेव्हा बायको कसलीशी डाळ निवडत बसली होती. तिला त्यांनी आतापर्यंत विचारलं नव्हतं. बायकोची साक्ष मंडळ थोडीच मानणार, असा त्यांचा हिशेब होता. पण आता मंडळाचं सोडा, त्यांना स्वतःलाच कोणीतरी हवं होतं. ते तिच्यासमोर बसले.

"मंडळ गेलं खड्ड्यात," ते म्हणाले. "तू बघितलंस ना? तू सांग."

तिचे हात थांबले. "अहो," ती म्हणाली.

"काय?"

"मी व्हिडिओ काढत होते हो."

"तूसुद्धा?"

"तुम्ही दर वर्षी वर खिडकीत असता. खालून कसं दिसतं ते तुम्ही कधी बघितलंच नाहीत. मला वाटलं, या वेळी एवढे राबलात, तुम्हाला खालून दाखवावं. हात हलू नये म्हणून मी श्वाससुद्धा घेत नव्हते. सगळं लक्ष त्या चौकटीतच होतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यात पट्टे दिसायला लागले तर मला वाटलं, गेलं, आपल्या आळशी-शहाण्या चुकल्या. मग वर बघायचा धीरच झाला नाही."

तिने फोन आणून त्यांच्या हातात दिला. काकांनी तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. तिचा हात खरोखरच हलला नव्हता. गावातल्या सगळ्या व्हिडिओंत तो सगळ्यात स्थिर होता, आणि म्हणून त्यातले पट्टे सगळ्यात स्वच्छ दिसत होते.

"मी येते उद्या," ती म्हणाली. "सांगते सगळ्यांना, मी डोळ्यांनी बघितलं म्हणून. कोणाच्या बापाला कळतंय?"

"नको."

"का? एवढ्यासाठी एक खोटं बोलले तर काय बिघडलं?"

"जे नीट झालं, ते नीट झालं हे सांगायला खोटं कशाला बोलायचं?" काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मग ते उठून खोलीत गेले आणि कोणाच्या तरी इस्त्रीची तार सोलत बसले.

बैठकीला ते एकटेच गेले. सेक्रेटरीने विचारलं, "मिळालं का कोणी?" काका म्हणाले, "नाही." बैठक दहा मिनिटांत आटोपली, त्यातली पाच चहात गेली. पुढच्या वर्षीपासून बटण लावायचं ठरलं, आणि माळा आणताना त्या फोनमध्ये चांगल्या दिसतात की नाही हे आधी तपासून घ्यायचं, असंही ठरलं. चष्मेवाल्याने एकोणीस वर्षांबद्दल काकांचे आभार मानले. टाळ्या वाजल्या. मग सेक्रेटरीने हळूच विचारलं, की पाट्यांमागचे ते डबे काका स्वतः काढतील की कोणाला पाठवायचं. काका म्हणाले, "मीच काढतो. तुमचा माणूस पोळून घेईल."

घरी बायको ताट वाढून वाट बघत होती. त्यांनी हात धुतले आणि बसले.

"बटण?" तिने विचारलं.

"बटण."

मग ती त्यांच्या जवळ सरकली. "मला सांगा ना. खिडकीतून कसं दिसत होतं?"

काकांनी घास खाली ठेवला. त्यांनी सांगायला सुरुवात केली. काळोख आधी कसा पातळ झाला ते सांगितलं. छपरांच्या कडा, पाट्यांवरची अक्षरं, मग डोकी. आळशी माळांची लाइन शहाण्यांच्या बरोबरीने कशी उठली, एकही मागे राहिली नाही, हे सांगताना त्यांचा हात आपोआप चाक फिरवल्यासारखा हलू लागला. ती एकटक त्यांच्याकडे बघत होती आणि प्रत्येक वाक्याला "हो ना" म्हणत मान डोलवत होती. तापात बरळणाऱ्या माणसाला घरातली माणसं जशी "हो, हो" म्हणतात, तशी ती म्हणत होती. त्यांनी ते ओळखलं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं तर ओळखू येतंच.

"मग?" ती म्हणाली. "पुढे?"

"पुढे काही नाही," काका म्हणाले. "आमटी वाढ."